सायनाइड देऊनही न थांबणारे श्वसन

खरिपाचा बटाटा काढताना कुदळ लागली, की बेळगाव भागात तो बटाटा पोत्यात भरत नाहीत, आधी खायला काढतात. घावातून सड शिरते हे खरेच. पण त्याआधीच जखमेलगतच्या पेशींचे श्वसन दिवसभरात तीन ते पाच पट वाढलेले असते. शिवाय त्याची वाटही बदललेली असते.

ही दुसरी वाट उलगडायला काही दशके गेली. १९२५ साली डेव्हिड केलिन यांनी सायटोक्रोम ही पेशीतली लोहयुक्त प्रथिने दाखवून दिली. मायटोकॉन्ड्रियातले (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतले) इलेक्ट्रॉन या प्रथिनांमार्गे ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि सायनाइड नेमके शेवटचे टोक बंद करते. पण १९२९ मध्ये जेनेव्वा यांना स्वीट पीच्या रोपांत सायनाइडनंतरही श्वसन चालू दिसले. पुढे कळले, की वनस्पतींत पर्यायी ऑक्सिडेज नावाचे विकर आहे. ते साखळीतल्या युबिक्विनोन या आधीच्या वाहकापाशीच इलेक्ट्रॉन उचलते, त्यामुळे प्रोटॉन ढकलणारे पुढचे दोन टप्पे चुकतात आणि ऊर्जा एटीपी या पेशीच्या इंधनाऐवजी उष्णतेत जाते. सुरणाच्या कुळातले फुलोरे तापतात ते यामुळेच. हे तापणे सुरू करून देणारा पदार्थ सॅलिसिलिक आम्ल आहे, हे रास्किन, म्यूझ आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले.

बटाट्यावर हे तपासायचे तर १ मिमी जाडीच्या चकत्या कापून धुवाव्यात आणि कॅल्शियम सल्फेटच्या अगदी पातळ द्रावणात २५ अंशांवर २४ तास हलवत ठेवाव्यात. जाड चकतीच्या मध्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. द्रावण वरचेवर बदलले नाही तर जिवाणू वाढतात आणि त्यांचेच श्वसन मोजले जाते. मग ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या बंद कुपीत आधी १ मिलिमोलर पोटॅशियम सायनाइड, नंतर पर्यायी ऑक्सिडेज अडवणारे सॅलिसिलहायड्रॉक्झामिक आम्ल (१ ते २ मिलिमोलर) घालायचे. ताज्या चकतीत श्वसन सायनाइडनेच बरेच खाली येते. २४ तास मुरलेल्या चकतीत ते दुसऱ्या रसायनापर्यंत टिकते. उदासीन द्रावणातून सायनाइड विषारी वायू होऊन उडते, म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करावे. कुपी उघडी राहिली तर मात्रा घटते आणि श्वसन टिकल्याचा भास होतो. दुसरे रसायनही निर्दोष नाही: पेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकरामुळे ऑक्सिजनचा वापर उलट वाढू शकतो.

थंडी, पाण्याचा ताण, स्फुरदाची कमतरता यांत पर्यायी वाट वाढते, असे अनेक जुन्या मोजणींत नोंदले आहे. ते जपून वाचावे लागते, कारण सायनाइडने मुख्य वाट अडवल्यावर दिसते ती क्षमता. न अडवता त्या वाटेने किती इलेक्ट्रॉन जात होते ते कळत नाही. ऑक्सिजन-१८ या ऑक्सिजनच्या जड प्रकाराच्या मोजणीने ही अडचण सुटली. पर्यायी ऑक्सिडेज जड ऑक्सिजन अधिक प्रमाणात टाळते, म्हणून कुठलेही विष न घालता दोन्ही वाटांचा वाटा वेगळा काढता येतो.