अजिंठ्याच्या भिंतीवरचा लाखेचा थर
जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्यांना लेण्यांतील काही चित्रांवर जी पिवळट तपकिरी झाक दिसते, ती केवळ काळाची किंवा धुराची नाही. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून १९२० ते १९२२ या काळात आलेले इटालियन तज्ज्ञ लोरेन्झो सेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप दिला होता, आणि पुढे तोच पिवळा पडत गेला.

हा लेप परका नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याशी सर्वत्र दिसणारा पळस, तसेच बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारे सूक्ष्म कीटक स्वतःभोवती जी राळ स्रवतात, तीच लाख. महाभारतातील लाक्षागृह तिचेच, आणि त्या आगीतून सुटलेले पांडव ज्या एकचक्रानगरीत राहिले, ती म्हणजे एरंडोल, असे खान्देशात परंपरेने मानले जाते. (लाख किती लवकर पेटते, हे त्या कथाकाराला नेमके ठाऊक होते.) चीन-जपानमधील लॅकर मात्र वेगळे: तो झाडाचा चीक असून दमट हवेत घट्ट होतो, तर आपली लाख उष्णतेने वितळते आणि निवताच कडक होते.

लाकूड फिरवून कातणारे कारागीर, म्हणजे कातारी, याच गुणाचा उपयोग करतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि वरून केवड्याचे पान घासले की चकाकी येते. जळगावच्या सराफ बाजारात मिळणाऱ्या बोरमाळेचे पोकळ मणीही लाख भरल्यामुळेच चेपत नाहीत.

लाख धुताना निघणारा लाल रंग एके काळी युरोपात जात असे. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि ती मागणी ओसरली. राळेचे महत्त्व मात्र वाढले. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरच्या पॉलिशसाठी आणि पुढे उष्णतेने मऊ करून ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी लागू लागला, इतका की १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

अशा भरभराटीच्या काळात भिंतीचित्रांसाठीही लाख निवडली गेली, यात नवल नाही. चूक झाली ती जागेची. लाकडी वस्तूचे पॉलिश जुने झाले की घासून नवे चढवता येते, मण्यातली लाख तापवून काढता येते. अजिंठ्याचे रंग मात्र मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर बसलेले आहेत, आणि तिथे घासणे किंवा तापवणे म्हणजे चित्रच गमावणे. शिवाय जुनी झालेली लाख स्पिरिटलाही सहज दाद देत नाही. त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर द्रावकांच्या साहाय्याने, खालच्या रंगाला धक्का न लावता, थोडा थोडा करून उतरवावा लागला आहे.