शेजारी आणि पाहुणे: डिस्नेच्या दोन उद्यानांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून सुमारे १६० एकरांवर उभारलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. जागा सुचवणारे सल्लागार हॅरिसन प्राइस यांनी लॉस एंजेलिसची वस्ती कोणत्या दिशेने पसरणार आणि नवा सांता ॲना महामार्ग कुठून जाणार, याचा हिशेब आधी मांडला होता. सकाळी मोटारीने येऊन रात्री घरी परतणारी कुटुंबे या हिशेबात महत्त्वाची होती. भांडवल इतके तोकडे होते, की शेजारचे डिस्नेलँड हॉटेलही जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने बांधले. उद्यानाला लागून खासगी मोटेलांची रांग लागली आणि मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे गेला, ही सल वॉल्ट डिस्ने यांना कायम राहिली.

फ्लोरिडातील दुसऱ्या उद्यानाचा, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा, आराखडा या सलीतूनच आकाराला आला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला देशाची सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्या राहत असताना अनाहाइमला येणाऱ्यांत तिकडचे लोक जेमतेम पाच टक्के आहेत, असे पाहणीत आढळले होते. मग १९६०च्या दशकाच्या मध्यावर नावे लपवून, निरनिराळ्या कंपन्यांमार्फत २७,००० एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यानाबरोबर कंपनीच्या आवारातील दोन हॉटेलेही उघडली. कॅरिबियन समुद्र जवळच असल्याने अनाहाइममधील चाच्यांची सफर, म्हणजे नावेतून चाच्यांच्या दुनियेत फिरवणारा खेळ, तेथे कोणाला नवलाची वाटणार नाही, असे समजून ती वगळली होती. पण लांबून आलेल्या पाहुण्यांनी नेमकी तीच मागितली आणि १९७३ मध्ये ती बांधावी लागली.

अनाहाइमची घडी वेगळी बसली. प्रत्येक खेळासाठी वेगळे कुपन फाडण्याची जुनी पद्धत १९८२ मध्ये बंद झाली, त्याच दशकात वार्षिक पास रुळला, आणि कामावरून सुटल्यावर एखादी सफर करून, जेवून घरी जाणारा गिऱ्हाईक तयार झाला. तेच ते पाहून कंटाळणाऱ्या या माणसासाठी काही बदलत राहणे भाग होते. येथील भुताच्या वाड्याला २००१पासून दर वर्षी हॅलोविनच्या सुमारास नवा साज चढतो, भोपळे आणि नाताळची सजावट येते, आणि जानेवारीत सगळे उतरवले जाते. फ्लोरिडात हा खटाटोप होत नाही, कारण कित्येक वर्षांतून एकदा येणाऱ्या कुटुंबाला मूळचाच वाडा हवा असतो, असे सांगितले जाते. आणि ते पटण्यासारखे आहे.

मात्र पासधारक वारंवार येतो आणि दर खेपेला खर्च बेताचाच करतो. म्हणून गर्दीच्या दिवशी स्वस्त पासांना मनाई करण्याची प्रथा पडली. महामारीतील बंदीनंतर ३० एप्रिल २०२१ रोजी दारे उघडली, तेव्हा शासकीय नियमामुळे प्रवेश फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना होता. गंमत अशी, की याच शेजाऱ्यांचे वार्षिक पास कंपनीने त्याच जानेवारीत रद्द केले होते. ऑगस्टमध्ये पास नव्या नावाने परतले, पण आगाऊ नोंदणीच्या अटीसह. पुढच्या वर्षीच्या तिमाही अहवालात कंपनीने डिस्नेलँडला येणाऱ्यांचे ‘मिश्रण’ प्रतिकूल असल्याची नोंद केली; कमी खर्च करणारे पासधारकच जास्त येतात असा तिचा अर्थ लावला गेला, आणि ती पासधारकांना चांगलीच झोंबली. मनाईचे दिवस नसल्याचे सांगून विकलेल्या सर्वांत महागड्या पासावरही नोंदणी मिळत नाही, म्हणून एक दावा दाखल झाला होता; तो पुढे तडजोडीने मिटला.