सुईला पत्ता हवा

बायोप्सीची सुई ‘खट्’ आवाज करून आत जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परत येते. तिच्या खाचेत शेवईच्या तुकड्याएवढं मांस असतं, जाडीला मिलिमीटरच्या आत आणि लांबीला साधारण दीड सेंटिमीटर. वर्षानुवर्षं प्रोस्टेटमधून, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून, असे दहा-बारा तुकडे काढायचे आणि त्यांत कर्करोग सापडतो का ते बघायचं, हीच रीत होती. जरा हिशेब करून बघा. उतारवयात वाढलेली ग्रंथी 40 घनसेंटिमीटरची धरली, तर बारा तुकडे मिळून तिचा तीनशेवा भागही भरत नाही.

सुई मारायची ती सोनोग्राफी बघत. गुदद्वारातून आत सरकवलेल्या प्रोबमुळे ग्रंथीची कड स्पष्ट दिसते, सुईही पांढऱ्या रेघेसारखी उमटते. गाठ मात्र अनेकदा शेजारच्या निरोगी भागासारखीच करडी असते. त्यामुळे ग्रंथीचे मनाने भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातून एकेक तुकडा घ्यायचा, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

एमआरआयला गाठ दिसते ती पाण्यामुळे. कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, मधल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, आणि एमआरआयची एक पद्धत नेमकी हीच हालचाल मोजते. ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात 576 पुरुषांचा एमआरआय झाला, नेहमीची बायोप्सी झाली आणि शिवाय भूल देऊन दर 5 मिलिमीटरवर सुई घालून सगळी ग्रंथी पडताळली गेली. 2017 साली निष्कर्ष आले. उपचारांची खरी गरज असलेले 93 टक्के कर्करोग एमआरआयच्या नजरेत आले होते, नेहमीच्या बायोप्सीच्या हाती फक्त 48 टक्के लागले होते. एमआरआय विनाकारण संशयही बराच घेतो, म्हणून शेवटचा शब्द तुकड्याचाच.

आता खरी अडचण. एमआरआयला गाठ दिसते, पण सुई चालवताना क्षणाक्षणाला दिसते ती सोनोग्राफी. ही दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवणं म्हणजे फ्यूजन बायोप्सी. ऐकायला सोपं वाटतं, पण एमआरआयच्या वेळी माणूस उताणा पडलेला असतो. सोनोग्राफीच्या वेळी बऱ्याचदा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि प्रोब ग्रंथीला खालून दाबत असतो. त्याच ग्रंथीचा आकार बदलतो! म्हणून रेडिओलॉजिस्ट आधी एमआरआयच्या एकेका कापावर ग्रंथीची आणि गाठीची रेघ आखून ठेवतात, संगणक ते चित्र रबरासारखं ताणून सोनोग्राफीवर बसवतो, आणि प्रोब कुठे वळला हे चुंबकीय क्षेत्राच्या किंवा यांत्रिक हाताच्या मदतीने टिपत राहतो. पडद्यावर त्या करड्या चित्रात रंगीत गोल उमटतो. सुई तिथे.

ही जुळणी दोन-तीन मिलिमीटरनी चुकू शकते, आणि छोट्या गाठीच्या बाबतीत एवढी चूकही पुरते. म्हणून त्या गोलातून एकच नव्हे, तीन-चार तुकडे घेतात. जुनी पद्धतही लगेच मोडीत काढू नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2020 मध्ये 2103 पुरुषांवरचा अभ्यास मांडला. त्यातल्या ज्यांची ग्रंथी पुढे काढली, त्यांच्यात बायोप्सीने आक्रमक कर्करोगाला कमी लेखल्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत 16.8 टक्के होतं, फक्त एमआरआयवर नेम धरल्यास 8.7 आणि दोन्ही मिळून 3.5.

दुसरा फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो. 2018 च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात एमआरआय आधी केलेल्या गटात 28 टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. निरुपद्रवी, संथ कर्करोगाचं निदानही थेट बायोप्सी केलेल्या गटात 22 टक्के होतं, या गटात 9. अशा निदानाने घाबरून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा किंवा लैंगिक क्षमता गमावण्याचा त्रास होऊ शकतो. तो त्याच्या वाट्याला आलाच नाही, तर केवढं बरं!

घरात कुणाचा पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढलेला असेल, तर एमआरआय आधी करायचा का, हे डॉक्टरांना बायोप्सीची तारीख ठरवण्याआधी विचारा. सुई टोचल्यावर ग्रंथीत रक्त साकळतं आणि पुढचे कित्येक आठवडे एमआरआयचं चित्र गढूळ येतं.