पावसाळ्यासाठी राखून ठेवायचे डेसिबल

गोव्यात म्हापशाहून हणजुणेला फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, न्यायची आहे असं समजू. रस्त्याने अंतर साधारण ८ किमी, पण केबल ठिकठिकाणी खांबांवर लूप ठेवत जाते, म्हणून हिशेबात ९ किमी धरा.

घरोघरी इंटरनेट देणाऱ्या जीपॉन जाळ्यात बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना वाटेत प्रकाशात जास्तीत जास्त २८ डेसिबल घट चालते. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. २८ म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा जेमतेम सहाशे तीसावा भाग घरात पोचतो.

आता या डेसिबलचा खर्च मांडू. घराकडून परत येणारा सिग्नल १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर असतो आणि तिथे काच जास्त प्रकाश खाते, म्हणून किमीला ०.३५ धरायचे: ३.१५ झाले. फ्युजन केलेले, म्हणजे टोकं वितळवून सांधलेले, ८ जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.८. चार कनेक्टरांचे (काढता-घालता येणाऱ्या जोडण्यांचे), प्रत्येकी ०.५, म्हणजे २. सगळ्यात मोठा वाटा स्प्लिटरचा, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाचा: एका तंतूवर ३२ घरं घेतली तर १७.५. बेरीज २३.४५, हातात उरले ४.५५.

त्याच तंतूवर ६४ घरं घेतली तर स्प्लिटरच २१ घेतो आणि हातात १.०५ उरतात. कागदावर जमतं, पण गोव्याच्या पावसात ते टिकणार नाही. जूनच्या वाऱ्यात माडाची झावळी केबलवर पडते. तुटलेल्या जागी नवा तुकडा घातला की दोन जोड वाढतात, म्हणजे ०.२ गेले. पाच वेळा तुटली की १ डेसिबल संपला. म्हणून ३ डेसिबल राखूनच आराखडा करावा, आणि त्या हिशेबात इथे ३२च बसतात.

कनेक्टरकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. त्याच्या टोकाला प्रकाशाची वाट जेमतेम ९ मायक्रॉन रुंद, केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्शाएवढी. खोदलेल्या रस्त्याच्या तांबड्या धुळीचा एक कण तिथे बसला की ०.५ चे सहज २ होतात. क्लीनर पेनने पुसून, सूक्ष्मदर्शकातून पाहूनच जोडा. हिरवा कनेक्टर निळ्यात कधीच घालू नका: हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, मध्ये हवेची फट राहते, कित्येक डेसिबल जातात आणि टोकंही खराब होतात.

दुरुस्तीनंतर ओटीडीआरने (तंतूत कुठे किती घट होते ते दाखवणाऱ्या यंत्राने) १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. एखाद्या जागी १५५० वर घट ठळकपणे जास्त दिसली तर तिथे केबल कुठेतरी मुरडली आहे. बहुधा क्लोजरच्या (जोड ठेवायच्या बंद डब्याच्या) ट्रेमध्ये तंतूचा वेढा फार लहान घेतलेला सापडतो. दोन्ही तरंगलांबींवर घट जवळपास सारखीच असेल तर जोड पुन्हा करा.