खाणीजवळच्या पाण्यात सायनाइड शोधताना

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या खाणी प्रामुख्याने लोहखनिजाच्या, काही मँगनीजच्या. तिथला दगड फोडतात, चाळतात, पाण्याने धुतात. या कामात सायनाइड कुठेच लागत नाही. हे आधी सांगायला हवं, कारण सायनाइडचं नाव एकदा कानावर पडलं की शेतात आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरणाऱ्या तांबड्या गाळाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सायनाइड लागतं सोन्याला. आपल्या शेजारी, कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आहे, आणि २००१ मध्ये बंद पडलेली कोलारची. टनभर दगडात सोनं असतं जेमतेम काही ग्रॅम. ते वेगळं काढायची रीत १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकार्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी शोधली. दळलेला दगड सोडियम सायनाइडच्या अगदी पातळ द्रावणात, हवा खेळती ठेवून ढवळायचा; सोनं विरघळून पाण्यात येतं. सोबत चुना घालतात, कारण द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) १० च्या वर राहिला नाही तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या साध्या दुपारच्या तापमानाहूनही कमी.

सोनं काढून उरलेला चिखल बांध घातलेल्या तळ्यात साठवतात. रोमानियातल्या बाया मारे इथे ३० जानेवारी २००० रोजी असाच बांध फुटला आणि सुमारे १ लाख घनमीटर विषारी पाणी नदीत गेलं. तिथून टिसा, मग डॅन्यूब. हंगेरीत मेलेल्या माशांचा खच पडला. चार आठवड्यांनी, २,००० किलोमीटर खाली, डॅन्यूबच्या मुखाजवळही ते विष मोजता आलं. पण कुठल्याही एका घाटावरून विषाची ही लाट थोड्या काळातच पुढे सरकते. महिन्यातून एकदा बाटली भरणाऱ्याच्या हाती ती लागेलच असं नाही. म्हणून तळ्याच्या खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी खोदतात, पीएच आणि विद्युतवाहकता सतत मोजणारी यंत्रं बसवतात, आणि वरच्या अंगाचं पाणीही तपासतात. काम सुरू होण्याआधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्यांची तुलना करणार तरी कशाशी?

माझ्या मते सर्वात जास्त चुका बाटलीत होतात. नमुना तसाच भरून गाडीत ठेवला, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातलं सायनाइड उडून जाऊ शकतं, आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं प्रामाणिकपणे छापून येतं. ते टाळायला जागेवरच सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर नेतात, बाटली काळोखात आणि ४ अंशांच्या आसपास थंड ठेवतात, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी उरकतात. पाण्यात क्लोरीन असेल तर तो आधी तिथेच निष्प्रभ करावा लागतो, नाहीतर तो सायनाइड खाऊन टाकतो. म्हणून अहवाल हातात आला की निकालाच्या आधी नमुना कुणी, केव्हा, कसा घेतला ते वाचावं.

दुसरा प्रश्न, कोणतं सायनाइड मोजलं? मोकळं सायनाइड सर्वांत घातक. तांबं किंवा जस्ताशी सैल बांधलेलं सायनाइड सौम्य आम्लातही सुटतं. लोहाशी जखडलेलं बरंच स्थिर असतं, पण उघड्या पाण्यात ऊन पडलं की तेही हळूहळू मोकळं होतं. एकूण सायनाइड मोजायला नमुना आम्ल घालून उकळतात, निघालेला वायू अल्कलीत धरतात आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, आणि तिला सूट नाही. संवेदनशील मासे मोकळ्या सायनाइडच्या याच प्रमाणाच्या आसपास मरू लागतात; त्यामुळे माणसासाठी चालणारं पाणी नदीसाठी चालेलच असं धरून चालता येत नाही.

आपलं शरीर थोडं सायनाइड हाताळू शकतं. यकृत त्याचं थायोसायनेट या बऱ्याच कमी विषारी पदार्थात रूपांतर करून लघवीवाटे बाहेर टाकतं. पावसाळ्यात आपण खातो त्या बांबूच्या कोंबांतही सायनाइड देणारं द्रव्य असतं. ते भिजवून, उकळून पाणी फेकायची आपली जुनी पद्धत त्याच कारणाने योग्य आहे.

गोव्यातल्या खाणपट्ट्यात मात्र मागणी वेगळी असायला हवी. पाण्याचा गढूळपणा, लोह, मँगनीज, पीएच यांची तपासणी: उन्हाळ्यात एकदा, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच, ढिगाऱ्यांवरची माती ओढ्यात उतरते तेव्हा. फोंडा आणि तिसवाडीला पाणी देणारा ओपाचा प्रकल्प खाणपट्ट्यातून येणाऱ्या खांडेपार नदीवर आहे, म्हणजे ही चिंता खाणीजवळच्या चार घरांपुरती नाही. मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. सायनाइडची चाचणी हवीच असेल तर मूळ नोंद म्हणून एकदा नीट करून घ्यावी. आणि एखाद्या विहिरीत ते खरंच आढळलं, तर लोहखाणीकडे बोट दाखवण्याआधी आसपास धातूवर मुलामा देणारा कारखाना आहे का, आणि त्याचं सांडपाणी कुठे जातं, ते बघावं. त्या धंद्यात सायनाइडचे क्षार वापरले जातात.