व्हिनेगर : अंगाची निगा आणि घरातील साफसफाई

व्हिनेगर किंवा शिरका म्हणजे ॲसिटिक आम्लाचा पाण्यातील विरल द्राव. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आम्लाचे प्रमाण साधारण ५ टक्के असते. सफाईसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत थोडे अधिक, ६ टक्क्यांच्या आसपास. स्वयंपाकघरातला हा पदार्थ न्हाणीघरात आणि केसांपर्यंत पोहोचला तो एकाच रासायनिक गुणामुळे : तो आम्ल आहे. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या करामतींपैकी खऱ्या किती, हे या एका गोष्टीवरून बरेचसे ताडता येते. डाग क्षारांचा असेल तर व्हिनेगर कामाला येते. तो तेलकट असेल तर घरभर आंबूस वास सुटण्यापलीकडे फारसे काही होत नाही.

व्हिनेगर दोन टप्प्यांत तयार होते. आधी यीस्टमुळे साखरेचे अल्कोहोल होते. मग ॲसिटोबॅक्टर गटातील जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने अल्कोहोलचे आम्ल करतात. हे काम सजीव सूक्ष्मजंतूंचे आहे असे लुई पाश्चर यांनी १८६४ साली मांडले. लेबलावर ‘सिंथेटिक’ लिहिलेले व्हिनेगर मात्र तयार ॲसिटिक आम्लात पाणी घालून बनवलेले असते. सफाईच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. सफरचंदाचे व्हिनेगर फरशी पुसायला वापरण्यात काही हशील नाही; महाग पडते आणि त्याचा तांबूस रंग फिक्या कापडावर उतरू शकतो.

जखमा धुण्यासाठी व्हिनेगर वापरण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्यकाइतकी जुनी आहे. प्लेगच्या साथींत युरोपात त्याचा मोठा आधार वाटे. १६६५-६६च्या प्लेगात इंग्लंडमधील ईम या गावाने स्वतःला बाहेरच्या जगापासून तोडून घेतले, तेव्हा गावाच्या वेशीवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवत आणि त्या मोबदल्यात बाहेरून धान्य घेत, असे सांगितले जाते. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथल्या उच्चभ्रू स्त्रिया सुगंधी व्हिनेगरने चेहरा धूत आणि व्हिनेगरात भिजवलेला स्पंज चांदीच्या छोट्या डबीत घालून जवळ बाळगत. रस्त्यावरची दुर्गंधी नाकाशी आली की डबी उघडायची.

व्हिनेगरचे खरे राज्य आहे ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याने साठलेल्या पांढऱ्या थरावर. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आम्लाशी गाठ पडली की त्याचे पाण्यात विरघळणारे कॅल्शियम ॲसिटेट होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तळाशी खडबडीत पुटे धरलेल्या केटलीत व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घालून गरम केले की हे डोळ्यांनी दिसते : आधी कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उठते, मग थराला भेगा पडतात, आणि तासाभरात त्याच्या पापड्या सुटून तळाशी हलू लागतात. घासायचे फारसे उरत नाही. शॉवरची जाळी काढता येत नसेल तर व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी तिच्यावर रबरबँडने बांधून ठेवावी. मात्र चकचकीत मुलामा असेल तर रात्रभर नको, अर्धा तास पुरे. हिशेबाने पाहिले तर ५ टक्क्यांचे एक लिटर व्हिनेगर फार तर ४० ग्रॅम कार्बोनेट विरघळवते. त्यामुळे जाड थरासाठी ते दोनतीनदा बदलावे लागते. वास नकोसा होत असेल तर सायट्रिक आम्ल हेच काम बिनवासाने करते.

हाच गुण संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर उलटतो, कारण दगडही कॅल्शियम कार्बोनेटच. लादीवर सांडलेला थेंब वेळीच पुसला नाही तर तिथली झिलई जाऊन निस्तेज ठिपका राहतो. तो डाग नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो; कितीही पुसला तरी जात नाही. मोती, बिडाची भांडी आणि ॲल्युमिनियम यांनाही व्हिनेगरपासून दूर ठेवावे. तांब्या-पितळेवरचा काळपटपणा व्हिनेगर आणि मिठाने झटकन निघतो, पण भांडे लगेच धुऊन कोरडे केले नाही तर हिरवट कळंक चढतो, आणि तो विषारी असतो.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा सल्ला इतका सर्वत्र दिसतो की त्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. आम्ल आणि आम्लारी (अल्कली, इथे सोडा) एकमेकांना मारून टाकतात. फेस ओसरल्यावर उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्यात ना व्हिनेगरचा दम ना सोड्याचा. तुंबलेल्या मोरीत सुटलेल्या बुडबुड्यांनी वरचा सैल गाळ हलतो, पण चरबी आणि केसांचा बोळा जागचा हलत नाही. सोड्याने घासायचे ते घासावे, धुवावे आणि मग व्हिनेगर वापरावे. पातळ साबणात व्हिनेगर मिसळणेही असेच : साबण फाटतो आणि त्यातली चरबी पांढऱ्या गुठळ्यांच्या रूपाने वर येते.

काचेवरचे पाण्याचे ठिपके व्हिनेगरने छान जातात. स्क्रीनवर मात्र ते लावू नये. अमोनिया किंवा मासळीचा वास आम्लारिधर्मी संयुगांमुळे येतो, म्हणून तो व्हिनेगरने बसतो. शिळ्या घामाचा वास बराचसा मेदाम्लांचा, तिथे आम्लावर आम्ल ओतून ते उदासीन होणार नाही. कपडे खळबळताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घातल्यास डिटर्जंटचा अंश निघून कापड मऊ राहते, पण दर धुण्याला घातले तर यंत्राच्या रबरी कडा लवकर खराब होऊ शकतात.

जंतुनाशक म्हणून त्याची कीर्ती कामगिरीपेक्षा मोठी आहे. ६ टक्के ॲसिटिक आम्लात ३० मिनिटे राहिल्यास क्षयाचे जिवाणूदेखील मरतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पण ओट्यावर फवारून दहा सेकंदांत पुसणे म्हणजे ३० मिनिटे नव्हेत. घरात कोणी आजारी असेल तर व्हिनेगरवर विसंबू नये.

केसांसाठी त्याचा वापर साबणाच्या काळातला. साबण आम्लारिधर्मी असतो. त्याने केसावरचे खवले उचलले जातात आणि जड पाण्यात त्याचा चिकट राप केसांवर बसतो. आम्लाच्या पाण्याने हा राप सुटतो, खवले मिटतात आणि केस चमकतात. आजच्या बहुतेक शांपूंनी ही अडचणच ठेवलेली नाही, तरी उपाय टिकून आहे. करायचाच तर अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर पुरते. पाणी घातल्याने आम्लता फार उतरते असेही नाही : सोळापट पातळ केल्यावरही सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) २.४ वरून जेमतेम ३ वर येतो. म्हणून डोळे मिटून ओतावे आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. उवा-लिखांवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

त्वचेची स्वतःची आम्लता सामू ५च्या आसपास असते, यावरून व्हिनेगर तिला मानवेल असा तर्क करतात. इसबासाठी तो तपासला गेला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत २२ जणांनी एक हात पाण्यात आणि दुसरा सफरचंदाच्या व्हिनेगरच्या ०.५ टक्के आम्ल असलेल्या पाण्यात रोज १० मिनिटे, १४ दिवस बुडवला. त्वचेत सुधारणा दिसली नाही, उलट १६ जणांना जळजळ झाली. तीळ किंवा चामखीळ घालवण्यासाठी निर्भेळ व्हिनेगरचा बोळा बांधून ठेवल्याने त्वचा भाजल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. दात पांढरे करण्यासाठी त्याने चूळ भरणे तर सरळ नुकसानीचे. दाताचे कवच सामू ५.५च्या खाली झिजू लागते.

ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन सुटतो, १९१५ साली युद्धात विषारी अस्त्र म्हणून वापरलेला तोच वायू. बंद न्हाणीघरात थोडासाही छातीला पुरतो. असे चुकून झालेच तर पुसत न बसता बाहेर पडावे आणि खिडक्या-दारे उघडी टाकावीत. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर एकाच बाटलीत ठेवल्यास तिखट पेरॲसिटिक आम्ल तयार होते. तण मारण्यासाठी मिळणारे २० ते ३० टक्क्यांचे व्हिनेगर दिसायला घरातल्यासारखेच पाण्यासारखे नितळ असते, पण डोळ्यात उडाल्यास कायमची इजा करू शकते. घरातल्या बाटलीशेजारी ते ठेवू नये.