वाढदिवसाच्या कोड्याचा वाद : पार्श्वभूमी

तर्काची आणि गणिताची कोडी जेव्हा जेव्हा मोठ्या वाचकवर्गात हातोहात फिरली, तेव्हा तेव्हा वाद उत्तरावरून पेटल्यासारखा दिसला; पण बारकाईने पाहिले तर तो बहुतेक वेळा कोड्यात लिहायची राहून गेलेली, किंवा लिहिलेली असूनही वाटेत गळून पडलेली एखादी अट कोणती, याचा होता. एप्रिल २०१५ मध्ये सिंगापूरमधील एका शालेय गणित स्पर्धेतला, दोघांच्या संवादावरून तिसरीचा वाढदिवस ओळखण्याचा प्रश्न असाच जगभर फिरला आणि १६ जुलै व १७ ऑगस्ट या त्याच्या दोन उत्तरांपैकी खरे कोणते यावर लोक हिरिरीने भांडत राहिले. संयोजकांनी १६ जुलैच्या बाजूने दिलेला निर्णय बरोबर होता, असे या टिपणाचे मत आहे. मात्र तो का बरोबर होता हे पुरेसे उलगडून सांगितले गेले नाही, आणि ते उलगडायचे तर अशा कोड्यांचा मागचा प्रवास पाहावा लागतो.

इ. स. ८००च्या सुमारास लॅटिनमध्ये झालेल्या एका संकलनात लांडगा, बोकड आणि कोबी यांना होडीतून पलीकडच्या तीरावर नेण्याचे कोडे आढळते. त्यातल्या साऱ्या अटी गोष्टीतच विणलेल्या आहेत, त्यामुळे गोष्ट सांगितली की अटीही आपोआप सांगितल्या जातात. संस्कृत गणितग्रंथांतील उदाहरणे श्लोकबद्ध असत आणि त्याचाही लाभ तसाच होता: वृत्तात बसवलेल्या प्रश्नातला शब्द गळला तर वृत्त मोडते, म्हणून प्रश्न तोंडी फिरला तरी त्याच्या अटी शाबूत राहण्याची शक्यता अधिक.

छापील वृत्तपत्रांनी हे चित्र बदलले. १८८० च्या सुरुवातीला चौकटीत सरकणाऱ्या पंधरा अंकित सोंगट्यांच्या खेळाने अमेरिकेत आणि मग यूरोपात धुमाकूळ घातला. बाकी सर्व सोंगट्या क्रमाने असताना फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल झालेली असेल, तर त्या पुन्हा क्रमाने लावता येतील का, हा त्यातला गाजलेला प्रश्न. त्याचे उत्तर ‘येणार नाहीत’ असे आहे, आणि त्याची सिद्धता अमेरिकेतील एका गणितविषयक नियतकालिकाच्या १८७९ च्या खंडात आलेलीही होती. तरीही पुढे एका प्रसिद्ध कोडेकाराने याच प्रश्नासाठी १,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि १८९० च्या दशकापासून हा खेळ आपणच शोधल्याचा दावाही केला. तो खेळ मुळात न्यू यॉर्क राज्यातील एका लहान गावच्या पोस्टमास्तरचा होता, हे आता मान्य झाले आहे. कोडे मूळ कर्त्यापासून तुटून फिरू लागले की दुसऱ्याच कोणाचे तरी नाव त्याला चिकटते, याचे हे ठळक उदाहरण.

विसाव्या शतकातील दोन उदाहरणे इथे टाळता येणार नाहीत. पाच रंगांची पाच घरे, पाच देशांचे रहिवासी, त्यांची पेये, सिगारेटी आणि पाळीव प्राणी यांचे कोडे डिसेंबर १९६२ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत छापून आले. आज ते एका थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने आणि ‘जगातील फक्त दोन टक्के लोकांनाच सुटते’ अशा पुस्तीसह फिरते. या दोन्ही गोष्टींना कसलाही पुरावा नाही. अधिक खेदाची गोष्ट अशी की, मूळ मजकुराच्या शेवटी एक दक्ष खुलासा होता: प्रत्येक घराचा रंग, रहिवासी, प्राणी, पेय आणि सिगारेट वेगवेगळी आहे, आणि एका विधानातील ‘उजवीकडे’ म्हणजे वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला. फिरत्या आवृत्त्यांतून हा खुलासा कित्येकदा गाळला जातो. त्याच्याविना डावे-उजवे अधांतरी राहते आणि एकच पेय दोघांकडे असू शकते, असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

दुसरे उदाहरण तीन दारांच्या कोड्याचे. तीन बंद दारांपैकी एकामागे मोटार आणि इतर दोन दारांमागे बकऱ्या असतात; स्पर्धक एक दार निवडतो, निवेदक उरलेल्यांपैकी एक उघडून बकरी दाखवतो आणि निवड बदलायची का, असे विचारतो. इथे एवढेच नोंदवतो की १९९० मध्ये एका अमेरिकी स्तंभलेखिकेने ‘दार बदलावे’ असे बरोबर उत्तर दिल्यावर त्यांच्याकडे सुमारे १०,००० पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक विरोधी होती. दार बदलल्यास जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश येते, ती निवेदक मोटार कुठे आहे हे जाणून नेहमी बकरीचेच दार उघडतो म्हणून. त्याने न जाणता दार उघडले आणि योगायोगाने बकरी निघाली असेल, तर ती शक्यता एक द्वितीयांश असते. छापलेल्या प्रश्नात निवेदकाला माहिती आहे, असे लिहिलेले होते. तो नेहमीच असे करतो, असे मात्र लिहिलेले नव्हते.

वाढदिवसाच्या कोड्याचे कूळ मात्र वेगळे आहे. समोरच्याला काय माहीत नाही, हीच ज्यात मुख्य माहिती असते अशा कोड्यांचे हे कूळ. १९५३ मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने छापलेल्या प्रसंगात रेल्वेच्या डब्यात बसलेल्या तीन स्त्रियांचे चेहरे मळलेले असतात आणि तिघी एकमेकींकडे पाहून हसत असतात. माझा चेहरा स्वच्छ असता तर दुसरीच्या लक्षात आले असते की तिसरी तिलाच हसते आहे. ज्या अर्थी तिचे हसणे थांबत नाही, त्या अर्थी माझाही चेहरा मळलेला आहे, असे पहिली ताडते. समोरची व्यक्ती गप्प आहे यातून निष्कर्ष काढण्याची ही रीत १९६९ मध्ये एका डच नियतकालिकात आलेल्या कोड्याने फार उंचीवर नेली.

त्यात एकाहून मोठ्या अशा दोन भिन्न पूर्णांकांची बेरीज एकाला आणि गुणाकार दुसऱ्याला सांगितलेला असतो, आणि बेरीज १०० च्या पुढे जात नाही, एवढे दोघांना माहीत असते. गुणाकारवाला म्हणतो, मला संख्या ओळखता येत नाहीत. बेरीजवाला म्हणतो, तुला येणार नाहीत हे मला ठाऊकच होते. त्यावर गुणाकारवाला म्हणतो, आता मला कळल्या. आणि बेरीजवाला म्हणतो, मग मलाही कळल्या. एवढ्या संवादातून ४ आणि १३ हे एकमेव उत्तर निघते.

डिसेंबर १९७९ मध्ये एका अमेरिकी विज्ञान मासिकाच्या लोकप्रिय स्तंभात हेच कोडे आले, तेव्हा ते सोपे जावे म्हणून प्रत्येक संख्येची कमाल मर्यादा २० केली गेली. बदल किरकोळ वाटतो, पण त्याने कोडे मोडले. बेरीज १७ असलेल्याला आपल्या जोड्या तपासताना ४ आणि १३ हीही जोडी दिसते. तिचा गुणाकार ५२. मूळ कोड्यात ५२ म्हणजे ४ गुणिले १३ किंवा २ गुणिले २६, त्यामुळे गुणाकारवाला अडतो. मर्यादा २० केल्यावर २६ बाद होतो, ५२ ची एकच जोडी उरते आणि गुणाकारवाल्याला संख्या पहिल्याच क्षणी ओळखता येतात. मग ‘तुला येणार नाहीत हे मला ठाऊकच होते’ असे १७ बेरीज असलेला माणूस म्हणूच शकत नाही. अट ही कोड्याची सजावट नसते, तिच्यावर सारा डोलारा उभा असतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता सिंगापूरचा प्रश्न. तो माध्यमिक शाळेतील चौदा-पंधरा वर्षांच्या, स्पर्धेत उतरलेल्या मुलांसाठी होता. २५ प्रश्नांतला चोविसावा, म्हणजे मुद्दाम कठीण ठेवलेला. एका दूरचित्रवाणी निवेदकाने त्याचे छायाचित्र सर्वांसमोर ठेवले, तेव्हा तो दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा असल्याचे सांगितले गेले आणि या चुकीच्या माहितीनेच तो अधिक वेगाने पसरला. चेरिल आपल्या वाढदिवसाच्या दहा संभाव्य तारखा देते: १५, १६ आणि १९ मे, १७ आणि १८ जून, १४ आणि १६ जुलै, १४, १५ आणि १७ ऑगस्ट. मग ती अल्बर्टला फक्त महिना आणि बर्नार्डला फक्त तारखेचा अंक सांगते. अल्बर्ट म्हणतो, मला वाढदिवस माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे. बर्नार्ड म्हणतो, आधी मला माहीत नव्हता, आता कळला. अल्बर्ट म्हणतो, मग मलाही कळला.

१८ आणि १९ हे अंक यादीत एकेकदाच येतात, त्यामुळे त्यांपैकी एखादा कानी पडला असता तर बर्नार्डला उत्तर लगेच मिळाले असते. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. संयोजकांच्या वाचनानुसार, बर्नार्डला उत्तर माहीत नसल्याची खात्री अल्बर्टला फक्त महिन्यावरून होते. म्हणून तो महिना मे किंवा जून असूच शकत नाही. उरलेल्या पाच तारखांतून बर्नार्डला उत्तर मिळते, म्हणजे १४ बाद. शेवटी अल्बर्टलाही मिळते. महिना ऑगस्ट असता तर १५ आणि १७ यांत तो अडला असता, म्हणून उत्तर १६ जुलै.

विरोधी बाजूचे वाचन असे: बर्नार्डला माहीत नाही, ही अल्बर्टला कुठून तरी मिळालेली माहिती समजा. तिच्यावरून १८ जून आणि १९ मे या दोनच तारखा गळतात. जूनमध्ये एकटी १७ उरते. अल्बर्टला माहीत नसल्यामुळे तीही जाते. आता उरलेल्या तारखांत एकदाच येणारा अंक १७, म्हणून उत्तर १७ ऑगस्ट.

दोन्ही वाचने शेजारी ठेवली की दिसते, जून दोघांनीही काढला आहे, फक्त कारणे वेगळी. सगळा वाद मे महिन्यावर येऊन ठेपतो: संपूर्ण मे जातो की केवळ १९ मे? अल्बर्टच्या मनात मे असेल, तर बर्नार्डच्या कानी १९ पडला नसेल याची हमी त्याला कोण देणार? प्रश्नात बर्नार्ड त्याआधी एक शब्दही बोललेला नाही. जी माहिती अल्बर्टपर्यंत पोहोचण्याची वाट प्रश्नात दाखवलेली नाही ती त्याच्या पदरात टाकणे म्हणजे नवी अट घुसडणे होय. संभाषणाची सुरुवात बर्नार्डने ‘मला माहीत नाही’ असे म्हणून केली असती तर १७ ऑगस्ट हेच उत्तर निघाले असते. पण तो वेगळा प्रश्न झाला असता. संयोजकांनी १६ जुलै कायम ठेवले ते यामुळेच योग्य.

तरीही विरोध करणाऱ्यांचा सगळाच दोष नव्हता. मूळ इंग्रजी वाक्ये ओबडधोबड होती, आणि एकाला महिना व दुसऱ्याला अंक सांगितला आहे हे त्या दोघांनाही ठाऊक असल्याचे त्यांत कुठेही स्पष्ट म्हटलेले नव्हते. ते ठाऊक नसेल तर अल्बर्टचे पहिलेच विधान निराधार ठरते. नंतर अनेक वृत्तपत्रांनी प्रश्न पुन्हा छापताना त्याची भाषा दुरुस्त करून घेतली. स्पर्धेच्या कागदावरच ते एक वाक्य असते, तर चर्चा पुष्कळ सरळ झाली असती.

त्यानंतरच्या वर्षांत असे वाद अधिक लहान आणि अधिक तीव्र होत गेले. २०१९ मध्ये ८÷२(२+२) या एका ओळीने पुन्हा दोन तट पडले. शाळेतला कंचेभागुबेवचा क्रम धरणाऱ्यांना उत्तर १६ मिळते. कंसाला चिकटलेला २ हा कंसापासून अलग करू नये असे मानणाऱ्यांना १. चिन्ह न लिहिता दाखवलेला गुणाकार भागाकाराच्या आधी करायचा की नाही, याबद्दल सर्वमान्य नियम नाही आणि सगळी गणनयंत्रेही त्यावर एकच उत्तर देत नाहीत. इथे वाढदिवसाच्या प्रश्नासारखा निवाडा करण्याजोगे काही नाही, कारण अट लिहिलेलीही नाही आणि मजकुरातून काढताही येत नाही. गणिताच्या लेखनात हा भागाकार आडवी रेघ ओढून, तिच्या वर आणि खाली काय येते ते दाखवून लिहितात, आणि तसा लिहिला की त्याचे उत्तर एकच उरते.